नेगल बंद करू का, बीबीआर लावू का?

नागपूरच्या कळमन्यात एका मित्राच्या गोदामात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी बसवून दिलंय, काटा स्थिर झाला की वजन मुंबईतल्या सर्व्हरवर जातं, तिथून पावती नंबर येतो अन् मग प्रिंटर चालतो. परवा त्याच्या पुतण्याने विचारलं, "भाऊ, नेटवर वाचलं मी, बीबीआर लावलं का सगळं फास्ट होते, लावून टाकू का? अन् ते नेगल पण बंद करू का?" एका दमात दोन्ही. पण हे दोन वेगळे निर्णय आहेत न, नेगल ठरवतं छोटा डेटा कधी सोडायचा, बीबीआर ठरवतं किती वेगाने सोडायचा, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आधी नेगल, म्हणजे टीसीपीतला (नेटवर डेटा पाकिटांत, म्हणजे तुकड्यांत, पाठवायची पद्धत) छोटी पाकिटं रोखून धरणारा नियम. 1984 मध्ये फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी हा उपाय सुचवला, कारण टेलनेटवर (दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायचा जुना प्रोग्राम) एक अक्षर टाइप केलं की 1 बाइट डेटा आणि 40 बाइटचं हेडर (पाकिटावरचा पत्ता वगैरे) असं 41 बाइटचं पाकीट निघायचं. नियम साधा: आधीच्या पाकिटाची पोच यायची असेल तर नवीन छोटं पाकीट थांबवायचं, पोच आली किंवा पूर्ण पाकीट भरलं की सोडायचं. बर्डीवरचा शेअर ऑटो सीट भरेपर्यंत हलत नाही तसंच, फक्त रस्त्यावर आपला एकही ऑटो नसेल तर नेगल एकाच सवारीला घेऊनही लगेच निघतो.

भानगड होते ती समोरच्याच्या डिलेड एसीकेमुळे, म्हणजे उशिरा दिलेल्या पोचेमुळे. तो पोच लगेच देत नाही, लिनक्सवर साधारण 40 मिलिसेकंद थांबतो, बऱ्याच जुन्या सिस्टिमवर 200. माझा कोड आधी छोटं हेडर लिहायचा, मग वजन, मग उत्तराची वाट. म्हणजे वजन पोचेसाठी अडकलं आणि समोरचा पोच दाबून बसला, कारण त्याला अर्धाच निरोप मिळालेला. आता समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, तेवढ्या लांबीच्या फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायला 7 मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात पिंग (पाकीट जाऊन यायचा वेळ) त्याहून जास्तच येतो, पण 40 ची ही वाट उगाचचीच आहे. एका पावतीला कोणाला कळणारही नाही, पण नेट जाऊन आलं आणि साचलेल्या 500 नोंदी एकामागोमाग एक जायला लागल्या तर नुसत्या थांबण्यातच 20 सेकंद गेले.

मग नेगल बंद करायचं? हो, पण आधी कोड सुधारा. हेडर आणि वजन एकत्र जोडून एकाच राइटमध्ये पाठवा, मग नोडिले (नेगल बंद करणारी सेटिंग) चालू करा. तुकड्या-तुकड्याने लिहिणारा कोड तसाच ठेवून नुसतं नोडिले लावलं तर तीच 41 बाइटची पाकिटं परत सुरू. ज्या कोडला हात लावता येत नाही आणि उत्तराची घाई नाही, तिथे नेगल राहू द्या. गो भाषेत लिहिलं असेल तर तिथे नोडिले मुळातच चालू असतं, आधी ते बघून घ्या. नेगल यांनी स्वतःही नंतर लिहिलंय की खरा दोष डिलेड एसीकेचा, आणि मला ते पटतं.

आता क्युबिक की बीबीआर, म्हणजे लाइनवर गर्दी होऊ नये म्हणून डेटा किती वेगाने सोडायचा हे ठरवणाऱ्या दोन पद्धती. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ, जेमतेम 400 यार्डांच्या अंतरावर, लाइनवर गर्दी होऊन 32 हजार बिट प्रति सेकंदाचा वेग 40 बिटांवर आला होता, त्यातून व्हॅन जेकबसन यांचं 1988 चं काम झालं आणि हे सगळे अल्गोरिदम त्याच वंशातले. क्युबिक 2006 पासून लिनक्सचा डिफॉल्ट आहे, तो पाकीट हरवेपर्यंत वेग वाढवतो आणि हरवलं की विंडो (पोचेविना किती डेटा सोडायचा ती मर्यादा) 0.7 पटीवर आणतो. गूगलचा 2016 चा बीबीआर हरवण्याची वाट बघत नाही, लाइनची क्षमता आणि कमीत कमी पिंग मोजून त्या हिशोबाने सोडतो.

पण वजनाची नोंद 200 बाइटची! टीसीपी सुरुवातीलाच 10 पाकिटं, म्हणजे सुमारे 14 केबी, पोचेविना सोडू शकतो, त्यामुळे ती नोंद या वादात येतच नाही. तिच्यासाठी बीबीआर लावून काहीच मिळणार नाही.

फरक पडतो तो त्याच लाइनवरून कॅमेऱ्याचं फुटेज वर जाते तेव्हा. क्युबिक राउटरची बफर, म्हणजे पाकिटांची रांग लागते ती जागा, भरून टाकतो आणि बिचारी 200 बाइटची नोंद त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. बीबीआर रांग छोटी ठेवतो, वायरलेस लाइनवर अधूनमधून पाकीट हरवलं तरी घाबरून वेग पाडत नाही. उणीव अशी की त्याची पहिली आवृत्ती, बफर लहान असेल तर, शेजारच्या क्युबिकला दाबते. आणि ही सेटिंग पाठवणाऱ्याच्या मशीनवर लागते, म्हणजे फुटेजसाठी मुंबईच्या सर्व्हरवर बदलून उपयोग नाही, गोदामातल्या लिनक्स डब्यावरच बदलावी लागते. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची सेटिंग मिळत असेल तर मी आधी तेच चालू करीन, कारण ते कोणाचंही फुटेज असो, छोट्या पाकिटाला पुढे जाऊ देते.

पुतण्याला सांगितलं, दोन राइट मी जोडून देतो आणि नोडिलेही लावतो, तू फुटेज चालू असताना पाच मिनिटं पिंग लावून ठेव, एकदा क्युबिकवर, एकदा बीबीआरवर, आणि दोन्ही आकडे मला पाठव.