मिरजेचा तानपुरा: घेण्याआधी काय ऐकायचं

गवयाला ऐन मैफिलीत एखादी जागा, म्हणजे सुरांचं नवं वळण, सुचते कुठून? निदान थोडं उत्तर मागे चाललेल्या तानपुऱ्यात असतं. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार छेडली की त्या षड्जाच्या (सा) पोटातून गंधार (ग) आपोआप उमटतो. तो ऐकू आला नाही, तर नक्षी कितीही देखणी असो, घेऊ नका. त्याआधी एक मात्र करा: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचं, तारेखालचं सूत केसभर पुढेमागे सरकवून पाहा. जवारी, म्हणजे तारेचा भरीव, गुंजणारा नाद, खुलते ती तिथेच. चारही तारांची एकेक करून तपासा. जोड (मधल्या दोन ‘सा’च्या तारा) छान आणि पंचम (‘प’ची तार) बसका, असं सर्रास असतं.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुटतात. सुटत असतील तर खडूची पूड चालते. रोजच्या रियाजाने तारा घोडीत खाचा पाडतात, मग नाद चिरका होतो. जवारी पुन्हा लावून घ्यावी लागते. ते काम कारागिराचंच, घरी कानस चालवू नये. भोपळा नाजूक, प्रवासाला कडक पेटी हवी.

२०२४ साली मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, छानच. पण खरेदी कानानेच करा.