नवं सरकारी मेडिकल की नागपुरातलं जुनं खासगी?

माझी भाची नागपुरात मानेवाड्याला राहते. नीटचे मार्क असे आले की नागपुरातली तिन्ही सरकारी कॉलेजं, म्हणजे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे सगळे त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात), मेयो (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स, थोडक्यात हुकली. आता प्रेफरन्स फॉर्ममध्ये वर काय टाकायचं यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, नागपुरातलं खासगी घे, घरून ये-जा करशील. बाप म्हणतो, सरकारी सोडायचं नाही, मग भंडारा असो की गडचिरोली. मी मेडिकलचा जुना विद्यार्थी, म्हणून पंच.

वरच्या तिघांचं आधी उरकतो. १९४७ चं मेडिकल किंवा १९६८ चं मेयो मिळत असेल तर विचारायला येऊच नका. एम्स मिळत असेल तर त्याच्याही आधी, फी हजारांत आहे. आणि एम्स तरी कुठे जुनं आहे? २०१८ ला त्याची पहिली ५० पोरं मेडिकलच्याच आवारात बसली. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी मिहानच्या एम्सचं उद्घाटन केलं, तोवर ती बॅच पाचव्या वर्षाला पोचली होती. तेव्हा नवं म्हणून नाक मुरडू नये. फक्त त्या पोरांच्या डोक्यावर मेडिकलचं छप्पर होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं उघडली, त्यातल्या भंडारा, गडचिरोली, अमरावती, वाशीम, बुलढाण्याच्या डोक्यावर ते नाही.

पैशाचा हिशेब सोपा आहे. सरकारीत वर्षाला लाख-दीड लाखाच्या आगेमागे, खासगीत बहुतेक ठिकाणी दहा लाखांच्या वर. साडेचार वर्षांत फरक चाळीस लाखांच्या घरात जातो. घरचा डबा आणि मेट्रोचा पास यांनी तो भरून निघत नाही. सरकारीला नंतर एक वर्षाचा बाँड आहे, म्हणजे वर्षभर सरकारी सेवा करावी लागते, पण त्याला मी शिक्षा मानत नाही. डिग्रीचं म्हणाल तर अभिमत विद्यापीठ सोडलं की दोन्हीकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच परीक्षा.

खरा प्रश्न शिकायला काय मिळणार हा. नव्या कॉलेजची इमारत बघायला जाऊ नका, ती नसतेच. गोंदियाचं कॉलेज २०१६ ला सुरू झालं, नव्या इमारतीचं भूमिपूजन २०२४ ला. मधली वर्षं पोरं तिथल्या केटीएस या जिल्हा रुग्णालयात आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात शिकली. इमारतीवाचून अडत नाही, शिक्षकावाचून अडतं. मागे एका नव्या कॉलेजात कामानिमित्त गेलो होतो. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकतात तिथे, एका टेबलाभोवती पस्तीसेक पोरं. मागच्या रांगेतली स्टुलावर चढलेली, त्यातली एक मुलगी खाली न बघता मोबाइलवर अ‍ॅनाटॉमीचा व्हिडिओ बघत होती. शिकवणारे एकच सर, तेही डेप्युटेशनवर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून तात्पुरते आणलेले. कॉलेजच्या मान्यतेचं इन्स्पेक्शन झालं की परत जाणार, हे पोरांनाही ठाऊक.

पहिलं वर्ष म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. तिथे जुनं खासगी उजवं ठरतं. हिंगणा रोडवरचं लता मंगेशकर हॉस्पिटल १९९० पासूनचं, एवढ्या वर्षांत विभागांची घडी बसते.

दुसऱ्या वर्षानंतर मात्र पारडं फिरतं. १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा लागतात, हा नियम सगळ्यांनाच. पण नवं सरकारी कॉलेज जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं असतं, आणि तिथे खाट रिकामी राहत नाही. सिकलसेल, मलेरिया, साप चावलेला माणूस, रात्री दोनला अडलेली बाई. गडचिरोलीत हे रोजचं. खासगीत खाट असते, तिच्यावर माणूस आहे का ते बघावं लागतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी गावाकडून बस भरून 'पेशंट' आलेले मी एका ठिकाणी स्वतः पाहिलेत. त्यातल्या एकाने मलाच विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, जेवण किती वाजता हाय?"

आणखी एक गोष्ट फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. आम्हाला मेडिकलमध्ये टाके घालायला प्रोफेसरांनी शिकवलं नाही, शिकवलं ते रात्रपाळीच्या जेआरने, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं (पीजी) शिकणाऱ्या ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरने. नव्या कॉलेजात पीजी नसतात, म्हणजे जेआरही नाही. त्यामुळे इंटर्नच्या हाताला भरपूर काम लागतं, पण चूक दाखवायला शेजारी कुणी उभं नसतं. धीट पोराला ही जागा सोन्यासारखी. विचारल्याशिवाय न बोलणारं पोर तिथे मागे पडेल.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक कॉलेजला मंगळवार-बुधवारी अकरा वाजता न सांगता जा. केस पेपरची रांग बघा, मग मेडिसिनच्या वॉर्डात चक्कर मारा. तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोराला चहा पाजा आणि विचारा, गेल्या आठवड्यात अ‍ॅनाटॉमीला कोण शिकवायला होतं.

भाची धीट आहे. तिने भंडारा वर टाकलं, मग गडचिरोली, मग खासगी. भंडारा नागपूरपासून साठेक किलोमीटर. तिच्या आईने लगेच विचारलं, "शनिवारी येशील ना गं?"