रातकिडा की जेरुसलेम क्रिकेट?

पावसाळ्यात आरे कॉलनीत संध्याकाळी कान किटवतो तो आपला रातकिडा. गातो फक्त नर, तेही पुढचे पंख एकमेकांवर घासून. आणि कान कुठे? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली!

अमेरिकेच्या पश्चिमेकडचा नि मेक्सिकोतला जेरुसलेम क्रिकेट नावाचा किडा याच्या अगदी उलट. पंखच नाहीत, उडणं नाही, तसलं गाणंही नाही. मोठं गोल तुकतुकीत डोकं, पोटावर काळे पट्टे. दिवसा मातीत, रात्री बाहेर. जोडीदार हवा असला की पोट जमिनीवर आपटून ढोल बडवतो. मादीसुद्धा बडवते. समोरच्याला तो ठोका जमिनीच्या कंपनातून कळतो. विषारी नाही, पण चावला तर चांगलीच कळ येते.

कपाटामागच्या रातकिड्यापायी झोप उडालेल्या चाळकऱ्याला हा बिनपंखी परवडेल. मलाही तोच आवडतो, खालच्या मजल्यावरून तक्रार आली तरी.