होल्बेर्ग वाचायचाय: आधी ‘येप्पे’ की आधी ‘एरास्मुस’?

लुडविग होल्बेर्ग (१६८४–१७५४) जन्माने नॉर्वेतल्या बर्गेनचा, पोटापाण्यासाठी कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक. १७२२ साली त्या शहरात डॅनिश भाषेतल्या नाटकांसाठी नाट्यगृह उघडलं आणि या प्राध्यापकाने त्याच्यासाठी एकामागून एक विनोदी नाटकं लिहून दिली. त्यातली ही दोन पाचअंकी.

‘डोंगरावरचा येप्पे’ (१७२२) म्हणजे एका दारुड्या शेतकऱ्याची गोष्ट. उकिरड्यावर बेशुद्ध पडलेल्या येप्पेला बॅरनची (तिथल्या जमीनदार सरदाराची) माणसं उचलून बॅरनच्याच पलंगावर निजवतात. जाग आल्यावर त्याला वाटतं आपण स्वर्गात आलो. मग बघता बघता हाच गांजलेला माणूस कारभाऱ्याला फाशी द्यायची भाषा करू लागतो. पुन्हा दारू, पुन्हा उकिरडा, वर खोटा खटला. नाटकाचा खरा ऐवज पहिल्याच अंकात आहे: येप्पे पितो असं सगळे म्हणतात, का पितो ते कुणी सांगत नाही. बायको निलेचा चाबूक, कारभाऱ्याची वेठ, चर्चच्या कारकुनाचे निलेशी चाळे, ही त्याची कारणं. हे पेलणारा नट असेल तर बेधडक घ्या. नसेल तर प्रयोग रेंगाळेल. शेवटी बॅरन ‘नांगरधाऱ्यांच्या हाती सत्ता नको’ छापाचं तात्पर्य ऐकवतो. ते सरळ म्हणायचं की तिरकस, हा दिग्दर्शकाचा खरा पेच.

‘एरास्मुस मोंटानुस’ त्याच सुमाराला लिहिलेलं, पण रंगमंचावर आलं थेट १७४७ मध्ये. रास्मुस बेर्ग शहरात शिकून ‘एरास्मुस मोंटानुस’ असं लॅटिन नाव लावून गावी परततो आणि आईलाच दगड ठरवतो: दगड उडू शकत नाही, आईही उडू शकत नाही, म्हणजे आई दगड! बिचारी घाबरते. पण पृथ्वी गोल आहे हे त्याचं म्हणणं मात्र खरं असतं, आणि त्यापायीच सासरा लग्न अडवतो. शेवटी फसवून सैन्यात भरती, छडीचा मार, आणि पृथ्वी सपाट असल्याची कबुली. हसू येतं आणि घशात अडकतं.

वाचायला मी डोळे झाकून ‘एरास्मुस’ सुचवेन. त्यात होल्बेर्ग कुणालाच सोडत नाही. दोन्ही नाटकं १९१४ च्या एकाच इंग्रजी अनुवादसंग्रहात आहेत. अभिवाचन करणार असाल तर गावच्या कारकुनाचं, पेरचं, काम मागून घ्या: येत नसलेल्या लॅटिनच्या जोरावर तो वाद घालतो, आणि गावाच्या मते जिंकतोही.