मुलांसाठी थेरपी: ठरावीक क्रमाची की लवचीक?

चिंता, नैराश्य, आघाताचे परिणाम आणि टोकाचा हट्टीपणा या मुलांमधल्या नेहमीच्या अडचणींवर कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारे उपचार) आणि पालक-प्रशिक्षण उपयोगी पडते. पालकांपुढे खरा प्रश्न वेगळाच असतो: एकाच समस्येसाठी आखलेला कार्यक्रम पहिल्या सत्रापासून क्रमाने पूर्ण करायचा, की त्यातलीच तंत्रे सुटी करून मुलाच्या गरजेप्रमाणे वापरायची?

अडचण एकच आणि स्पष्ट असेल, तर ठरावीक कार्यक्रम घ्यावा. फक्त कुत्र्याची भीती असलेल्या मुलासाठी लवचीकतेची गरजच नसते. ० ते १० गुण देऊन भीतीची शिडी बनवायची, खालच्या पायरीपासून भीतीचा प्रत्यक्ष सामना सुरू करायचा आणि भीती आटोक्यात येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची.

पण बरीच मुले एकच अडचण घेऊन येत नाहीत. वर्गात बोलायला घाबरणारी मुलगी घरी आदळआपट करते, सरावाला बसतच नाही, आणि क्रमाने चाललेला कार्यक्रम तिथेच अडकतो. घटक-पद्धतीत, म्हणजे तंत्रे सुटी करून वापरताना, थेरपिस्ट दोन-तीन सत्रे पालकांना देतो: रोज दहा मिनिटे मुलीच्या मर्जीचा खेळ, नेमके कौतुक, एका वेळी एकच सूचना, छोटे बक्षीस. मग पुन्हा भीतीच्या सामन्याकडे वळतो. हे परतणे सर्वांत महत्त्वाचे. ते राहिले, तर दर आठवड्याला नव्या तक्रारीमागे धावणे सुरू होते आणि मूळ भीती तशीच राहते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे श्वासाचे व्यायाम आणि गप्पा यांतच महिने जाणे. चिंता मोडते ती सामन्याने.

पुराव्यांचे चित्र सरळ नाही. ‘मॅच’ या ३३ घटकांच्या पद्धतीची ७ ते १३ वयाच्या १७४ मुलांवर चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ‘मॅच’ मिळालेली मुले नेहमीच्या उपचारांपेक्षा आणि ठरावीक कार्यक्रमांपेक्षाही लवकर सुधारली होती. पुढे अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या काही चाचण्यांत मात्र ‘मॅच’ नेहमीच्या उपचारांहून सरस ठरली नाही. त्यामुळे केवळ ‘लवचीक’ या शब्दावर भाळू नये.

थेरपिस्टला तीन गोष्टी विचाराव्यात. मुख्य समस्या कोणती धरली? आडवाट घेतली, तर परत कधी वळणार? प्रगती कशी मोजणार? मूल आणि पालक दोघांनी तीन मुख्य त्रासांना दर आठवड्याला ० ते १० गुण द्यावेत आणि त्यांचा आलेख ठेवावा. पाच-सहा सत्रांत रेषा हलली नाही, तर आराखडा बदलायला सांगावे. वर्तनाच्या बाबतीत थोडा धीर धरावा, कारण आरडाओरड्याकडे दुर्लक्ष सुरू केल्यावर तो आधी वाढू शकतो आणि मग ओसरतो. नेमक्या त्याच दिवसांत हट्ट पुरवला, तर मूल अधिक जोराने ओरडायला शिकते.

मूल जीव देण्याची भाषा करत असेल, तर ही निवड बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.