पॉवरपॉइंटवर वर्गातले खेळ: काही महिने वापरल्यावर

प्रश्नफलकाचा खेळ, म्हणजे फलकावरच्या आकड्यावर क्लिक केलं की त्याचा प्रश्न उघडणारा खेळ, रंगात आलेला असतो, क्लिक आकड्याच्या जरा बाजूला पडते आणि पुढची स्लाइड उघडते. तिच्यावर भलताच प्रश्न. पॉवरपॉइंटवर खेळ बनवणाऱ्यांनी आधी या चुकार क्लिकचा बंदोबस्त करावा. आवाज, रंग, सजावट नंतर.

रिकाम्या जागी क्लिक म्हणजे ‘पुढे चला’, असं हा प्रोग्रॅम धरून चालतो. सगळ्या स्लाइड निवडून ‘ट्रान्झिशन्स’मधली ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढली की तेवढं थांबतं. एवढं पुरे, असं आधी मला वाटायचं. पुरत नाही. स्पेसबार आणि बाणांच्या कळा तरीही स्लाइड पुढे नेतात, आणि मुलं संगणकाशी आली की कीबोर्डला हात लागतोच. आता मी ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये थेट ‘ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क’ निवडतो. मग चालतात फक्त लिंक आणि ट्रिगर, म्हणजे एखाद्या वस्तूवर क्लिक केलं की ठरलेलं अ‍ॅनिमेशन सुरू करणारी सोय. रिमोट मात्र निकामी होतो, आणि फलकाकडे परतायचं बटण राहून गेलं तर एस्केप दाबून शो बंदच करावा लागतो. म्हणून ते बटण स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइडच्या सामायिक साच्यात), प्रश्नांच्या लेआउटवर ठेवा.

फलकावर ५ विषय, प्रत्येकी ५ प्रश्न, म्हणजे २५ लिंक. चौकोनाला लिंक दिली तर नेम चुकत नाही, पण वापरलेला आकडा ओळखू येत नाही. आकड्याच्या मजकुराला दिली तर क्लिकनंतर रंग बदलतो. थीममध्ये ‘फॉलोड हायपरलिंक’ला चौकोनाचाच रंग द्या, आकडा गायब. मजकुराची लिंक अक्षरांपुरतीच असते, त्यामुळे आकडे ठसठशीत हवेत, ५४ पॉइंटच्या खाली नकोच. पुढच्या तुकडीसाठी फाइल बंद करून पुन्हा उघडा.

चित्रावर अदृश्य चौकोन ठेवताना ‘नो फिल’ अजिबात नको, कारण मग आतला भाग क्लिक घेतच नाही. रंग भरा आणि पारदर्शकता १००% करा. इतकी छोटी गोष्ट, पण निम्मी ‘बटण चालत नाही’ची तक्रार इथेच मिटते.

ट्रिगर लावण्याआधी ऑल्ट आणि एफ१० दाबून सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत) प्रत्येक वस्तूला नाव द्या, नाहीतर यादीत नुसते ‘रेक्टँगल’ दिसतात. ग्रुपही आधीच करा, नंतर केला तर अ‍ॅनिमेशन पुसली जातात. वेळ दाखवायला एका पट्टीला ‘एक्झिट’मधला ‘वाइप’ (पट्टी हळूहळू पुसत नेणारा) द्या, कालावधी ३० सेकंद.

गुण मोजायला मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) टाळा. ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये ते चालत नाहीत, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये अडवले जातात. गुण फळ्यावर लिहिणंच बरं.