पेडल मऊ, बिल बूस्टरचं

जुनी गाडी वापरत असाल तर एवढं डोक्यात पक्कं बसवा: व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा, पेडलमागचा डबा) गेला की ब्रेकचं पेडल कडक होतं, पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. मऊ होत नाही. मऊ पेडलवर कोणी बूस्टर बदलायला सांगत असेल, तर गाडीची किल्ली परत मागा.

आमची वॅगन आर २००७ची. तुळजापूरचा घाट उतरताना पेडल खाली जातंय असं वाटायला लागलं. सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर पाय दाबून धरला की ते हळूहळू सरकत पार तळाला टेकायचं. ब्रेक ऑइलची लेव्हल मात्र डबीवरच्या खुणेला. नातेवाइकांनी सुचवलेल्या गॅरेजात गाडी नेली. मालकाने दोनदा पेडल मारलं आणि म्हणाला, "बूस्टर गेलाय ओ साहेब. ओरिजिनल टाकतो, बिनघोर फिरा." चाक उचललं नाही, ड्रम उघडला नाही. साडेसहा हजार घेतले.

संध्याकाळी गाडी ताब्यात आली तेव्हा पेडल खरंच वर आलं होतं. गोम इथेच आहे. त्याने मागचे लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) ॲडजस्ट केले होते आणि लाइनमधली एअर काढली होती. ड्रम आणि लायनरमधलं अंतर कमी झालं की पेडल उंच लागतं, हवा निघाली की लिबलिबीतपणा जातो. किरकोळ मजुरीचं काम, पण गिऱ्हाइकाला वाटतं बूस्टरचा गुण आला. मूळ दुखणं आत तसंच. थोड्याच दिवसांत पेडल पुन्हा तळाला.

मग होटगी रोडच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री गाठले. बोलायला तुसडे, पण काम शिस्तीत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायला लावलं, पाय तसाच दाबून धरून गाडी चालू करायला सांगितली. पेडल किंचित खाली गेलं. "बूस्टर ठणठणीत आहे. पुढं?" हँडब्रेक ओढून पेडल पाहिलं, फरक नाही, म्हणजे मागचे लायनर ठीक. चारी चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवला, कुठेच ओल नाही. शेवटी मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) पाइप सोडून त्याची तोंडं बोल्टने बंद केली आणि मला पाय दाबायला लावला. ऑइलला बाहेर जायला वाटच नाही, तरी पेडल खाली! आतले रबरी कप झिजलेले, ऑइल त्यांच्या कडेने मागे सरकत होतं. म्हणून तर डबीतली लेव्हल हलत नव्हती.

"आणि हा नवा बूस्टर बघा," म्हणत त्यांनी टॉर्च मारला. काळा स्प्रे ताजा, शेजारच्या पाइपच्या क्लिपवरही उडालेला. मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या नटांनी बसवतात, ते सोडल्याशिवाय बूस्टर निघतच नाही. त्या नटांवर पाना लागल्याची खूणच नव्हती. नखाने खरवडलं तर रंगाखाली जुना गंज.

मास्टर सिलिंडर बदलला. जुना त्यांनी न मागता पिशवीत घालून दिला. ऑइल सीलबंद बाटलीतलं, डबीच्या टोपणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरलं. उघड्या कॅनमधलं घालू देऊ नका, ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ ग्रेडचं ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषलेल्याची हमी जेमतेम १४० ची. घाटात ब्रेक तापले आणि ते उकळलं तर वाफ दबते, पेडल भस्सकन खाली.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो. "नवीनच आहे की ओ ते, बिल दाखवा." बिल म्हणजे त्याने दिलेली चिठ्ठी: ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, फक्त ‘ब्रेक काम’ आणि रक्कम. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा हातात आहे.